गिरणीची तार

सुगीचं धान्य घरोघर येऊन पडलं होतं आणि गिरणीपुढं सकाळपासून दळणाची रांग लागली होती. गिरणीवाल्यानं वरच्या पत्र्याच्या टोपात गव्हाची पाटी ओतली, पट्ट्यावर हात टेकवून पाहिला आणि कळ दाबली. मोटर घुमली. दगडांनी सूर धरला. अर्धी पाटी उतरली असेल-नसेल, तोच मोटरनं लांब सुस्कारा टाकला आणि पट्टा सावकाश थांबला.

"गेली," रांगेतली एक बाई म्हणाली.

"येईल आत्ता," दुसरी म्हणाली आणि आपल्या पोत्यावर बसून राहिली.

पण समोर सायकलवाल्याच्या दुकानात पंखा गरगर फिरत होता. गिरणीवाल्यानं तो पाहिला. सतरा वर्षांची लेक तराजूपाशी बसली होती. तिनं विचारलं, "फ्यूज बघू का, बाबा?" तो फ्यूज बघायला गेला नाही. शिडी घेऊन थेट मागच्या अंगाला गेला.

गिरणी आणि शेजारचं गोदाम, दोन्ही मालकाचं. भिंतीला भिंत लागून. विजेचा मीटर गोदामात, मालकाच्या नावावर, मालकाच्या कुलपात. तिथून एका लोखंडी नळीतून तार निघायची, मागच्या भिंतीवरून कमरेच्या उंचीनं सरळ यायची, कोपऱ्यावर वर चढायची आणि छपराखालून गिरणीत शिरायची. जिथं नळी आत वळते तिथं दोन स्क्रूंचं झाकण होतं. त्यानं शिडीवर चढून झाकण काढलं.

तारेची दोन टोकं वाकडी होऊन बाहेर आली. काळी पडलेली. वरचं रबर वितळून त्याचे थेंब झाले होते. कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, जळाली. त्यानं एक टोक नाकाशी नेलं. मग अंगठ्यानं काजळी पुसली. आतलं तांबं सपाट होतं, पकडीनं कापावं तसं. आधी कापलेली आणि मग मेणबत्तीवर धरलेली.

त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी याच भिंतीला अशीच शिडी लावून, याच झाकणात हात घालून, त्यानं स्वतः तार कापली होती आणि टोकं जाळली होती.

"अहो," खालून बायको म्हणाली, "माणसं थांबलीत. काय सांगू?"

"सांग, आज होणार नाही."

"उद्या?"

तो शिडीवरच उभा होता. हाताला जळक्या रबराचा वास येत होता.

नऊ वर्षांपूर्वी ही गिरणी वस्तादची होती. म्हणजे जागा मालकाचीच, पण दगड, मोटर, पट्टा वस्तादचा. आजचा गिरणीवाला तेव्हा त्याच्या हाताखाली होता. दगडांना टाकी कशी लावायची, दाणा बोटांत चुरून ओल कशी ओळखायची, पीठ करपायला लागलं की आधी वास येतो की आधी आवाज बदलतो, सगळं त्यानंच शिकवलं. गिरणीच्या मागच्या खोलीत तो बायको आणि आईसह राहायचा. दुपारच्या चहाला हाताखालच्या माणसाला आत बोलवायचा. वाटणी चहाचीही करायचा, आपल्या कपातला अर्धा ओतून.

मालकाला तेव्हा वस्ताद नको झाला होता. भाडं वाढवून मागितलं की वस्ताद कायदा सांगायचा. मग एका सकाळी मालकानं या हाताखालच्या माणसाला गोदामात बोलावलं आणि पोत्यावर बसवून घेतलं. "वापराविना सहा महिने जागा पडून राहिली की कोर्ट ती परत देतं," मालक म्हणाला. "तार जळाली असं दिसलं पाहिजे. बाकीचं मी बघतो. गिरणी पुढं चालवायला कुणीतरी जाणता माणूस लागेलच." एवढंच बोलला. आवाजही चढवला नाही.

तार जोडायची तर मीटर बंद करावा लागे आणि मीटर गोदामात. वस्ताद किल्ली मागायला गेला की मालक म्हणे, उद्या. असे सात महिने उद्या-उद्या झाले. मग कोर्टात मालकानं अर्ज टाकला आणि हाताखालच्या माणसानं पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं की वस्तादनं गिरणी आपण होऊन बंद ठेवली, त्याचं धंद्यात लक्ष नव्हतं. वस्ताद समोरच्या बाकावर बसला होता. त्यानं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या चपलांकडं बघत राहिला.

निकाल लागल्यावर वस्तादनं दगड, मोटर आहे त्या किमतीत सोडून दिली आणि शेजारच्या गावात दुसऱ्याच्या गिरणीवर पगारी लागला. दुसऱ्या वर्षी एका दुपारी पिठाच्या पोत्याला टेकून बसला तो उठलाच नाही.

आणि आता रस्ता रुंद होणार होता. मालकाला तिथं दुकानांची रांग बांधायची होती.

गिरणीवाला किल्ली मागायला गेला. मालक गोदामाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. केस पांढरे झाले होते, पण बसण्याची ढब तीच.

"तार जळली म्हणतोस? तुझी मोटर जुनी झाली. जास्त ओढते."

"जळलेली नाही, मालक."

"मग?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मालकाच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता. "उद्या ये," तो म्हणाला.

तालुक्याच्या वकीलबाईंचं ऑफिस एका चक्कीच्या खोलीएवढंच होतं, त्यात फायलीच जास्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वीज, पाणी तोडण्याचा हक्क मालकाला नाही. भाडेकरू कितीही नकोसा झाला तरी नाही. आपण वीज जोडून मिळण्यासाठी अर्ज करू. पण एक करा. गिरणी एक दिवसही बंद ठेवू नका."

"विजेशिवाय चालवू कशी?"

"दार उघडं ठेवा. दळणं घ्या, दुसरीकडून दळून आणा, पण घ्या. झाडा, पुसा, दगडांचं काम करा. चार माणसांना दिसू द्या की माणूस इथं धंदा करतोय." मग त्यांनी चष्मा काढला. "या मालकानं पूर्वी कुणाशी असं केलंय का? तसं काही निघालं तर आपली बाजू जड होईल."

लेक शेजारी बसून कागद लिहून घेत होती. गिरणीवाला म्हणाला, "नाही. माझ्या माहितीत नाही."

दुसऱ्या दिवसापासून घराचं चक्र बदललं. सकाळी बायको आणि लेक दळणं गोळा करायच्या, प्रत्येक पोत्याला खूण बांधायच्या. तो हातगाडीवर पोती लादून शेजारच्या गावी न्यायचा. दोन मैलांचा चढ. उन्हानं डांबर मऊ झालेलं, चाकं चिकटायची. दांडीनं हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. तिथला गिरणीवाला त्याला रांगेत उभा करायचा.

"या, मोठे गिरणीवाले आले," तो पहिल्या दिवशी म्हणाला आणि रांगेतली माणसं हसली. "तुमचं दळण बारीक पाहिजे की जाड? तुम्हीच सांगा बाबा, तुम्हाला कळतं."

"सहा पोती बारीक, दोन भरड," त्यानं सांगितलं.

त्या रांगेत वस्तादची बायको उभी होती. गिरणी गेल्यापासून ती दोन मैल चालून याच गिरणीवर यायची. नऊ वर्षांत तिनं एक मूठ दाणाही त्याच्याकडं आणला नव्हता. डोक्यावर छोटी पिशवी, पाच-सहा किलोची. बाजारात गोदामांची पोती शिवून पोट भरायची, बोटांची टोकं दाभणानं काळी झालेली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, हातगाडीकडं पाहिलं. मग बाजूला सरकली.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "तुमचा बोजा जास्त आहे."

"नको, वहिनी. तुम्ही आधी."

"मला घाई नाही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं त्याला परतीच्या उतारावर वाटत राहिलं.

दुपारी तो बंद गिरणीत दगडांना टाकी लावायचा. वरचा दगड कप्पीनं उचलून उलटा करायचा आणि छिन्नी-हातोडीनं घावावर घाव घालत कडेपासून मध्याकडं यायचा. बंद असलेल्या दगडांना टाकी लावायची गरज नसते. पण वकीलबाईंनी सांगितलं होतं, काम दिसलं पाहिजे. वस्तादची एक लकब होती. तीन घाव घालायचा, थांबून फुंकर मारायचा, पुन्हा तीन. शिकवलेल्या हातालाही तीच लकब लागली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. तो फुंकर मारायला थांबला की आवाज थांबत नव्हता. एक घाव जास्त पडत होता. टक्. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि कान दिला. काही नाही. पुन्हा तीन घाव घातले, थांबला. टक्. भिंतीपलीकडून आल्यासारखा, बारीक, नीट मोजून मारलेला.

"गोदाम रिकामं आहे ना," बायको म्हणाली. "रिकाम्या जागेत आवाज घुमतो."

त्यालाही ते पटलं. पण घुमलेला आवाज तिन्ही घावांचा आला असता, एकाचा नाही. तो पुढं चार घाव घालू लागला. मग पाचवा ऐकू येऊ लागला. लेकीनं एकदा तराजू पुसता पुसता मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही थांबलात तरी…" आणि त्याचं तोंड पाहून पुन्हा तराजू पुसू लागली.

झोप उडाली नाही, जेवणही सुटलं नाही. फक्त हाताचा वास जाईना. त्यानं राखेनं हात घासले, लिंबानं घासले. पिठाच्या पाटीत हात घातला की पिठालाच तो वास यायचा. गिऱ्हाईक पीठ घेऊन गेलं की त्याला वाटायचं, आत्ता ती बाई पिशवी उघडेल आणि परत येईल, विचारेल, हे काय जळलंय. कुणी परत आलं नाही.

महिना गेला, दुसरा लागला. दळणं निम्म्यावर आली. माणसं म्हणू लागली, जायचंच आहे तिथं तर आपले आपण जाऊ. कोर्टाची तारीख जवळ आली. मालकानं उत्तरात लिहिलं होतं की गिरणीवाल्याच्या निष्काळजीपणानं तार जळाली आणि त्यानं धंदा आपण होऊन बंद केला आहे. लेकीनं ते वाचून दाखवलं. "आपण होऊन," तिनं दोनदा वाचलं. "शपथेवर खोटं लिहितात, लाज कशी वाटत नाही?"

गिरणीवाला दारात बसून हातगाडीच्या चाकाला तेल देत होता. ते शब्द त्याचे होते. जसेच्या तसे. मालकानं तेव्हा त्याच्याकडून घोकून घेतले होते.

त्या दुपारी त्यानं बायकोला सांगितलं. ती सूप घेऊन गव्हातले खडे वेचत होती. तो बोलत होता तोवर तिचा हात चालूच होता. खडा, खडा, मातीचं ढेकूळ. तो बोलायचा थांबला तेव्हा सुपात वेचण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती बोटं फिरवत राहिली.

"हे मला कशाला सांगितलंत?" ती अखेर म्हणाली.

"मग कुणाला सांगू?"

"ज्यांना सांगून उपयोग आहे त्यांना. मी काय करू याचं? मला फक्त आता रोज खाताना ते आठवणार." तिनं सूप खाली ठेवलं. "नऊ वर्षं मी त्या बाईला बाजारात बघते. मला वाटायचं, गर्विष्ठ आहे, बोलत नाही."

"कोर्टात सांगितलं तर मी खोटा साक्षीदार ठरेन. शिक्षाही होईल कदाचित. पोरीचं नाव…"

"पोरीला मी सांगते," ती म्हणाली आणि उठून आत गेली. बऱ्याच वेळानं लेक बाहेर आली, त्याच्याकडं न बघता पिशवीतून कोर्टाचे कागद काढले, आणि कोऱ्या पानावर तारीख घालून म्हणाली, "सांगा. मी लिहिते."

वकीलबाईंनी ते वाचलं. मग एवढंच म्हणाल्या, "यानं तुमचा अर्ज बळकट होईल. तुम्ही स्वतः नाही होणार. कळतंय ना?"

"कळतंय."

पिंजरा तोच होता. लाकडाची वरची पट्टी हात लागून लागून गुळगुळीत झालेली. त्यानं तार कशी कापली, टोकं कशी जाळली, मालक काय म्हणाला, सगळं सांगितलं. नवी टोकंही एका पाकिटात बंद करून समोर ठेवली होती, पाहणीच्या दिवशी कोर्टाच्या माणसानं काढलेली. मालकाचा वकील उठला.

"त्या वेळीही तुम्ही शपथ घेतली होती?"

"हो."

"मग कोणती शपथ खरी धरायची?"

"आजची."

"आज तुमचा फायदा आहे म्हणून?"

"त्या वेळीही होता," गिरणीवाला म्हणाला.

मालक समोरच्याच बाकावर बसला होता. तो चपलांकडं बघत नव्हता. सरळ याच्याकडं बघत होता, जणू उसनं नेलेलं भांडं कुणी फोडून परत आणलं असावं.

न्यायाधीशांनी आठ दिवसांत वीज जोडून द्यायचा आणि मीटरची एक किल्ली भाडेकरूकडं ठेवायचा हुकूम केला. जागा वापरात होती, असंही लिहिलं. जुन्या खोट्या साक्षीबद्दल वेगळी चौकशी होईल आणि त्यासाठी त्यानं हजर राहावं, असं शेवटी लिहिलं. वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "जिंकलात." आणि हात पुढं करायच्या ऐवजी फायली काखेत घट्ट धरल्या.

सहाव्या दिवशी वीज आली. बायकोनं कळ दाबायला सांगितलं. त्यानं दाबली नाही. पायात चपला घातल्या आणि गावाच्या खालच्या अंगाला गेला.

वस्तादची बायको उंबऱ्यात बसून पोतं शिवत होती. दुपार कलली होती. तिनं त्याला पाहिलं, पण दाभण थांबवलं नाही.

"बाजारात ऐकलं मी," ती म्हणाली. "काहीतरी कोर्टात बोललात म्हणे. लोक एकाचं दोन करतात. मला नीट कळलं नाही."

"तेच सांगायला आलो, वहिनी."

"सांगा."

त्यानं उभ्यानंच सांगितलं. ती ऐकत होती, टाका घालत होती. तार म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"कुठली तार?"

"मागच्या भिंतीवरची. नळीतली."

"कुठं कापली?"

"वळणावर. झाकणाच्या आत."

"कोणत्या दिवशी?"

त्याला आठवावं लागलं नाही. "सोमवारी. गिरणीला सुट्टी होती. तुम्ही सगळे नदीवर गेला होतात, चादरी-गोधड्या धुवायला. घरात कुणी नव्हतं म्हणूनच."

तिनं पोतं मांडीवरून बाजूला ठेवलं. दाभण हातातच होतं.

"आणि मग आम्ही आलो," ती सावकाश म्हणाली. "आणि मी ओल्या चादरी त्या नळीवर टाकल्या. ऊन चांगलं होतं. रात्री हे म्हणाले, वीज गेली. सकाळी झाकण काढून बघितलं, टोकं जळालेली. चादरींचं पाणी नळीत शिरलं, तार वरपर्यंत जळत गेली, हे म्हणाले. दोरी होती बांधलेली, दोरीवर का नाही टाकल्यास."

हे गिरणीवाल्याला माहीत नव्हतं.

"ओरडले नाहीत. ते ओरडायचे नाहीत. एकदाच म्हणाले, तुझ्या चादरींनी माझी गिरणी खाल्ली. मग कधी बोलले नाहीत त्यावर." ती थांबली. "तुम्ही आमच्याकडं चहा पीत होतात तेव्हा. सात महिने. तुमच्यासमोर बोलले होते ना ते?"

"माझ्यासमोर नाही बोलले."

"नाही?"

"नाही, वहिनी. तुमची शपथ…" तो म्हणाला आणि शपथ हा शब्द तोंडातून गेल्यावर गप्प झाला.

ती उठली. पदर नीट खोचला, पायात चपला सरकवल्या. "चला," ती म्हणाली.

ती पुढं, तो मागं. पहिलं दार तिच्या दिराचं होतं. तिनं कडी वाजवली. दीर बाहेर आला, गिरणीवाल्याला बघून त्याच्या भुवया चढल्या. "यांना काय सांगायचंय ते ऐका, भाऊजी," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. गिरणीवाल्यानं सांगितलं. दीर त्याच्या अंगावर आला, गळ्यापाशी सदरा धरला, मग वहिनीकडं बघून सोडून दिला. "अजून आहेत," ती म्हणाली आणि चालू लागली.

दुसरं दार नणंदेचं. तिथं त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. नणंद ऐकता ऐकता खाली बसली. तिसऱ्या दारात कुणी शेजारीण होती, तिनं म्हणे पाणवठ्यावर चार बायकांत त्या चादरींवरून काहीतरी म्हटलं होतं. प्रत्येक दारात त्याचे शब्द कमी होत गेले, उरले तेवढे जास्त जड झाले. गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यांवर येऊन उभी राहिली.

शेवटी ती दिराच्या घराच्या मागच्या खोलीशी आली. आत खाटेवर वस्तादची आई पडून होती, हाडांचा सापळा, डोळे मात्र जागे.

"यांनी नऊ वर्षांत माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही," वस्तादची बायको म्हणाली. तिनं त्याला खाटेपाशी उभं केलं, अगदी कानाजवळ. "सांगा."

तो खाली वाकला. "आई, ती तार चादरींनी जळाली नव्हती. ती…"

म्हातारीनं हात कानामागं धरला. तोंड वासून त्याच्याकडं बघत राहिली.

"त्यांना कमी ऐकू येतं," मागून ती म्हणाली. तिचा आवाज अजूनही शांत होता. "मोठ्यानं सांगा. दार उघडंच राहू दे."

गिरणीवाला सरळ उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगू लागला.